वाय-फाय रुसले, पडदा अंधारला : लिनक्स लॅपटॉपविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांतल्या तक्रारी दोनच जागी येऊन थांबतात : वाय-फाय आणि स्क्रीन. त्यांतली काही पत्रे निवडून उत्तरे देत आहोत. आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. टर्मिनलमध्ये (आदेश टाइप करायच्या खिडकीत) ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करावेत. वेगळे सांगितले नसेल तर सगळी अक्षरे लहान. चिन्हे आणि मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवाव्यात.

प्रश्न : आमचे घर जांभ्या चिऱ्याचे. लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकल्यापासून राउटरच्या खोलीतच वाय-फाय चालते, पडवीत आले की तुटते. मोबाइलला मात्र पडवीतही चांगली रेंज असते. दुकानदार म्हणतो, रिपीटर घ्या. घेऊ का? वायरलेसच्या नावापुढे ‘रिअलटेक आरटीएल८७२३बीई’ असे दिसते.
— एक शिक्षिका, राजापूर

उत्तर : रिपीटर इतक्यात घेऊ नका. चिऱ्याची जाड भिंत सिग्नल खाते हे खरे, पण ती मोबाइलचाही खाते. मोबाइल चालतो आणि लॅपटॉप चालत नाही, म्हणजे दोष भिंतीचा नाही. तुम्ही चिपचे नाव लिहिलेत म्हणून उत्तर सोपे झाले.

या चिपला अँटेना जोडायच्या दोन जागा आहेत. बरेच लॅपटॉप उत्पादक खर्च वाचवायला एकच अँटेना जोडतात. कोणत्या जागी जोडली आहे हे चिपच्या आतल्या नोंदीत लिहिलेले असावे लागते, आणि अनेक लॅपटॉपांत ही नोंदच चुकीची असते. मग लिनक्सचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) रिकाम्या जागेवर कान लावून बसतो. राउटर शेजारी असला की तरीही थोडेफार ऐकू येते, खोली बदलली की संपले.

आधी मोजून घ्या. ‘आयडब्ल्यू डेव्ह’ दिल्यावर ‘इंटरफेस’ या शब्दापुढे नाव दिसेल, समजा ‘डब्ल्यूएलओ१’. मग राउटरपासून चार-पाच पावलांवर बसून ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलओ१ लिंक’ द्या आणि ‘सिग्नल’ची ओळ वाचा. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. एवढ्या अंतरावर तो उणे ४०च्या आसपास हवा. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने चालतो, उणे ८०ला पानही धड उघडत नाही. राउटरजवळ बसूनही उणे ७०-७५ दिसले तर निदान झाले म्हणून समजा.

आता ड्रायव्हर काढून दुसऱ्या अँटेनाच्या जागेसह पुन्हा लावा :

सुडो मॉडप्रोब -आर आरटीएल८७२३बीई
सुडो मॉडप्रोब आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२

अर्ध्या मिनिटात जोडणी परत येईल. पुन्हा मोजा. फरक नसेल तर २च्या जागी १ घालून तेच करा. योग्य आकडा लागला की सिग्नल एकदम २०-३० डेसिबलने सुधारतो. दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट होते, त्यामुळे ३० डेसिबल म्हणजे हजारपट. मिळालेला आकडा कायम करायला ‘सुडो नॅनो /ईटीसी/मॉडप्रोब.डी/आरटीएल८७२३बीई.कॉन्फ’ उघडून त्यात एकच ओळ लिहा : ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२’. कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलले तरी ही फाइल राहते.

दोन्ही आकड्यांनी काहीच झाले नाही, तर लॅपटॉप अलीकडे पंखा साफ करायला उघडला होता का ते आठवा. वायरलेस कार्डावर बसणारे अँटेनाचे टोक ज्वारीच्या दाण्याएवढे असते. ते नीट दाबले गेले नाही तर लक्षणे हुबेहूब अशीच दिसतात.

आणि एक. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, तेही एकाच प्रवाहात, कागदोपत्री १५० मेगाबिटपर्यंत. ब्लूटूथही त्याच अँटेनावर. ब्लूटूथ हेडफोन लावल्यावर वाय-फाय मंदावले तर त्यावर औषध नाही. वायरचा हेडफोन वापरा.

प्रश्न : डेबियन १२ वर ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२ या वाय-फाय चिपसाठी ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ पॅकेज टाकले. एरर आली नाही. पण ‘सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल’ दिले की ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ येते. पॅकेज काढून पुन्हा घातले तरी तेच. मित्र म्हणतात, सिक्युअर बूट बंद कर.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पॅकेज शंभरदा घातले तरी हाच संदेश येणार, कारण ड्रायव्हर बिघडलेलाच नाही. सिक्युअर बूट म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सही तपासण्याची सोय; ती चालू असताना कर्नल फक्त ओळखीच्या सहीचे मॉड्यूल (ड्रायव्हरसारखा जोडभाग) आत घेते. डेबियनच्या स्वतःच्या मॉड्यूलांवर डेबियनची सही असते. डीकेएमएस मात्र हा ड्रायव्हर तुमच्याच लॅपटॉपवर कंपाइल करते आणि तिथेच बनवलेल्या किल्लीने त्यावर सही करते. ती किल्ली लॅपटॉपला अजून कोणी ओळख करून दिलेली नाही.

‘मॉकयूटिल --एसबी-स्टेट’ देऊन सिक्युअर बूट चालू असल्याची खात्री करा. (आदेशातला पहिला शब्द असा : एम-ओ-के आणि पुढे लगेच यू-टी-आय-एल.) मग :

सुडो मॉकयूटिल --इम्पोर्ट /व्हीएआर/एलआयबी/डीकेएमएस/एमओके.पब

पासवर्ड दोनदा विचारला जाईल. तो एकदाच लागणार आहे, म्हणून साधी अक्षरे आणि आकडे घ्या; पुढच्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा असतो आणि चिन्हे हलतात. लॅपटॉप रीस्टार्ट करा. निळा पडदा येईल आणि कोणतीही कळ दाबायला सांगेल. त्यासाठी दहा सेकंद मिळतात. बहुतेकांचे घोडे इथेच अडते : चहा आणायला जातात आणि परत येईपर्यंत लॅपटॉप नेहमीसारखा सुरू झालेला असतो. मग इम्पोर्टपासून सगळे पुन्हा. पडदा मिळाला तर ‘एनरोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, ‘रीबूट’ या क्रमाने जा. त्यानंतर तोच मॉडप्रोब गुपचूप चालेल.

उबुंटूत यासाठी ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की’ असा तयार आदेश आहे. निळ्या पडद्याची पायरी तिथेही सुटत नाही.

सिक्युअर बूट बंद केले तरी ड्रायव्हर चालेल, मित्र चुकीचे सांगत नाहीत. पण त्याच लॅपटॉपवर विंडोज असेल आणि त्याची डिस्क बिटलॉकरने बंद असेल, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती हाताशी नसताना हा उद्योग करू नका.

कर्नल अपडेट झाल्यावर वाय-फाय पुन्हा गेले तर ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहा. नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर ड्रायव्हर कंपाइल करायला लागणाऱ्या हेडर फाइली बहुधा आलेल्या नसतात. ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे पॅकेज एकदा टाकून ठेवा, म्हणजे पुढच्या प्रत्येक कर्नलबरोबर त्या आपोआप येतील. प्रोसेसर इंटेलचा असला तरी पॅकेजचे नाव हेच. तेवढ्यापुरते इंटरनेट हवे असेल तर फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि फोन घरच्या वाय-फायवर असेल तर मोबाइल डेटाही जात नाही.

‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ हे पॅकेज ज्यांना सापडतच नाही त्यांच्यासाठी : डेबियन १२ पासून फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या भागात गेले आणि इन्स्टॉलर तो भाग आपणहून जोडतो. हा ड्रायव्हर मात्र ‘नॉन-फ्री’ भागात आहे. तो सोर्सेसच्या यादीत (पॅकेज कुठून आणायची त्या यादीत) स्वतः लिहावा लागतो.

आमचे मत विचाराल तर या चिपवर फार जीव लावू नका. ब्रॉडकॉमने या ड्रायव्हरची शेवटची आवृत्ती २०१५ मध्ये काढली. नव्या कर्नलांवर तो चालतो तो ठिगळे लावणाऱ्या स्वयंसेवकांच्या कृपेने. लॅपटॉपमध्ये एम.२ खाच असेल तर इंटेल एएक्स२१० कार्ड बसवा. घेताना शेवटचा आकडा नीट वाचा : एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला सारखेच, पण त्यांचा अर्धा भाग इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो, म्हणून ते ठरावीक पिढ्यांच्या इंटेल लॅपटॉपांतच चालतात. जुनी मिनी पीसीआयई खाच असेल तर इंटेल ७२६० एचएमडब्ल्यू पाहा. काही जुन्या लॅपटॉपांचे बायोस (लॅपटॉप सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) उत्पादकाच्या यादीबाहेरचे कार्ड दिसले की सुरूच होत नाही; खरेदीआधी आपल्या मॉडेलबद्दल ही चौकशी करा.

प्रश्न : ‘आरएफकिल लिस्ट’मध्ये ‘हार्ड ब्लॉक्ड : येस’ येते. लॅपटॉपवर वाय-फायचे बटण कुठेच नाही. ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ने काही होत नाही.
— वाचक, नागपूर

उत्तर : त्या आदेशाने फक्त ‘सॉफ्ट ब्लॉक’, म्हणजे सॉफ्टवेअरने घातलेली अडवणूक, निघतो. हार्ड ब्लॉक लॅपटॉपचे फर्मवेअर कळवत असते, आणि कधीकधी ते उगाचच कळवते. विंडोजही असेल तर तिथले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून विंडोज पूर्ण शटडाउन करा. त्या सोयीमुळे विंडोज कार्डाला अर्धवट झोपवून जाते. फरक नसेल तर यादी पुन्हा वाचा. ‘फाय०’ मोकळे आणि ‘आयडियापॅड_डब्ल्यूलॅन’ अडकलेले असे दिसत असेल, तर नसलेल्या बटणाची बातमी आयडियापॅडचे मॉड्यूल देत आहे. ‘सुडो मॉडप्रोब -आर आयडियापॅड_लॅपटॉप’ देऊन पाहा. वाय-फाय सुरू झाले तर /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये .कॉन्फ शेवटाची फाइल करून ‘ब्लॅकलिस्ट आयडियापॅड_लॅपटॉप’ लिहा. वरच्या रांगेतल्या एकदोन खास कळा त्यानंतर चालणार नाहीत, एवढी किंमत मोजावी लागेल.

प्रश्न : डीटीपीच्या कामासाठी उबुंटू २४.०४ आहे, ग्राफिक्स एनव्हिडिया एमएक्स१५०. सुरुवातीला स्क्रीन काळी राहायची म्हणून एका जाणकाराने कसलासा शब्द घालून दिला, तेव्हापासून चालते. पण ब्राइटनेस कमी होत नाही, बाहेरचा मॉनिटर ओळखला जात नाही, व्हिडिओ लावला की पंखा घोंघावतो. तीन वेगवेगळे बिघाड आहेत का?
— वाचक, सातारा

उत्तर : बिघाड एकच, आणि तो त्या शब्दात आहे. ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ द्या. ओळीत ‘नोमोडसेट’ दिसेल. हा शब्द कर्नलला सांगतो की ग्राफिक्सचे ड्रायव्हर चालू करू नको, फर्मवेअरने जशी स्क्रीन दिली तशीच वापर. काळ्या पडद्यातून सुटका व्हायला तो उत्तम. पण ड्रायव्हर नाही म्हणजे ब्राइटनेस नाही, दुसरा मॉनिटर नाही, रिझोल्यूशनची निवड नाही, आणि चित्राचा सगळा भार प्रोसेसरवर, म्हणून पंखा. अपघातानंतरचे प्लास्टर वर्षभर ठेवल्यासारखे झाले आहे.

आधी ड्रायव्हर, मग शब्द काढणे, हा क्रम पाळा. ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ दिल्यावर एका ओळीपुढे ‘रेकमेंडेड’ येईल. ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ने तोच बसतो. एमएक्स१५० पास्कल पिढीतला आहे आणि त्या पिढीला चालणारी ड्रायव्हरची शेवटची शाखा ५८०. त्याहून मोठा आकडा हट्टाने टाकलात तर पुन्हा काळा पडदा. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरची .रन फाइल तर टाकूच नका. तिचा पॅकेज व्यवस्थेशी संबंध नसल्याने कर्नल अपडेट झाले की ती मोडू शकते.

आता शब्द एकदाच वगळून पाहा. लॅपटॉप सुरू होताना एस्केप दाबून ग्रबची (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) यादी आणा, ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतून ‘नोमोडसेट’ खोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. बिघडले तर बंद करून चालू केले की पूर्वस्थिती. नीट सुरू झाले आणि ‘एनव्हिडिया-एसएमआय’ने तक्ता दाखवला, तरच /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमधून शब्द काढून ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या.

मॉनिटरबद्दल थोडे अधिक. एमएक्स मालिकेच्या बहुतेक लॅपटॉपांत एचडीएमआयचे तोंड इंटेलच्या चिपला जोडलेले असते, त्यामुळे तुमचा मॉनिटर शब्द काढताच जागा व्हायला हवा. गेमिंग लॅपटॉपांत ते अनेकदा थेट एनव्हिडियाला जोडलेले असते. तिथे ‘प्राइम-सिलेक्ट क्वेरी’चे उत्तर ‘इंटेल’ आले तर बाहेरचा पडदा दिसणारच नाही. ‘सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड’ देऊन रीस्टार्ट करावे.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेतला जुना प्रोजेक्टर व्हीजीएचा, लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. कन्व्हर्टर लावला तर चित्र येते, पण १०२४ बाय ७६८ च. कधी मध्येच जाते.
— शिक्षक, सोलापूर जिल्हा

उत्तर : प्रोजेक्टरच्या बुडाशी किंवा माहितीपुस्तिकेत ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ वाचा. शाळांतले पुष्कळ प्रोजेक्टर मुळातच १०२४ बाय ७६८चे असतात. तसे असेल तर लिनक्स बरोबर वागत आहे. मोठा आकडा देऊन अक्षरे उलट पुसट होतील.

तो १२८० बाय ८००चा निघाला, तर पडद्याची माहिती लॅपटॉपपर्यंत पोचत नाही. व्हीजीएत ती १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांतून जाते आणि स्वस्त केबलींत या पिना जोडलेल्याच नसतात. म्हणून पहिला उपाय, दुसरी केबल. ती मिळेपर्यंत ग्रबमध्ये वरीलप्रमाणे त्याच ‘लिनक्स’च्या ओळीत एकदाच ‘व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१२८०एक्स८००@६०’ घालून पाहा. यातले एचडीएमआय-ए मोठ्या इंग्रजी अक्षरांत. तोंडाचे नेमके नाव ‘एलएस /सिस/क्लास/डीआरएम’मध्ये मिळेल, तिथला ‘कार्ड१-’ हा भाग सोडून द्यायचा. एक्सरँडर या आदेशाने नवा मोड बनवण्याची जुनी युक्ती वेलँडवर (पडदा रंगवण्याच्या नव्या व्यवस्थेवर) चालत नाही, म्हणून ती इथे देत नाही.

चित्र मध्येच जाते ते विजेमुळे असावे. कन्व्हर्टरमध्ये चिप असते आणि तिला एचडीएमआयमधून ५ व्होल्टवर किमान ५५ मिलिअँपिअर एवढ्याचीच हमी आहे. बाजूला छोटे यूएसबी तोंड असलेला कन्व्हर्टर घ्या आणि ते लॅपटॉपच्या यूएसबीला जोडा.

प्रश्न : वाचत बसले की स्क्रीन लुकलुकते, माउस हलवला की थांबते. पॅनेल बदलायला सांगितले आहे.
— वाचक, फोंडा

उत्तर : माउस हलवल्यावर थांबते ही खूण मोलाची आहे. स्थिर चित्र असताना पॅनेलने स्वतःच्या स्मृतीतून पडदा रंगवायचा आणि वीज वाचवायची, अशी सोय असते. तीच अडखळते आहे असे दिसते. इंटेल ग्राफिक्स असेल तर ग्रबमध्ये एकदाच ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’ घाला, एएमडी असेल तर ‘एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०’. लुकलुक थांबली तर ते कायम करा. बॅटरी थोडी कमी टिकेल.

पॅनेलवर पैसे घालण्याआधी बायोसचा पडदा उघडून पाच मिनिटे तसाच ठेवा. तिथे लिनक्स नाही. तिथेही लुकलुकले, किंवा झाकण मागेपुढे केल्यावर बदलले, तर बिजागरीतून जाणारी केबल आधी तपासायला सांगा. ती पॅनेलपेक्षा बरीच स्वस्त असते.

प्रश्न : घरातल्या सगळ्या फोनना नवा राउटर दिसतो, लिनक्स लॅपटॉपला शेजाऱ्यांचे सगळे दिसतात, आपलाच दिसत नाही.
— वाचक, डोंबिवली

उत्तर : राउटरने आपणहून १२ किंवा १३ क्रमांकाचे चॅनेल घेतलेले असण्याची शक्यता जास्त. भारतात ते चालते, पण ‘आयडब्ल्यू रेग गेट’मध्ये देश ‘००’ असेल तर लॅपटॉप सावध नियम पाळतो आणि त्या चॅनेलांवर स्वतःहून हाक मारत नाही. ‘सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन’ दिल्यावर (आयएन मोठ्या अक्षरांत) बहुतेक कार्डे ऐकतात. इंटेलच्या नव्या कार्डांपुढे ‘सेल्फ-मॅनेज्ड’ लिहिलेले असते. ती ऐकत नाहीत. तेव्हा राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल ‘ऑटो’वरून काढा आणि १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर शेजाऱ्यांची गर्दी कमी ते द्या. कोणावर किती गर्दी आहे हे ‘एनएमसीएलआय डेव्ह वायफाय’च्या यादीत ‘चॅन’ या रकान्यात दिसते.